तात्पुरता स्टोमा बंद करण्याची वेळ

गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेत कर्करोगग्रस्त भाग काढून आतड्याची उरलेली टोके पुन्हा जोडली जातात. हा नवा सांधा भरून येईपर्यंत त्याच्यावरून मल जाऊ नये म्हणून आतड्याचा वरचा भाग पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून तात्पुरते कृत्रिम मलद्वार तयार करतात. त्यास तात्पुरता किंवा संरक्षक स्टोमा असे म्हणतात. पुढे दुसऱ्या, तुलनेने लहान शस्त्रक्रियेने हा स्टोमा बंद करून मलप्रवाह पूर्ववत केला जातो. ही दुसरी शस्त्रक्रिया केव्हा करावी, हा शल्यचिकित्सेतील दीर्घकाळ चर्चेत असलेला प्रश्न आहे. रूढ पद्धतीनुसार पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ८ ते १२ आठवड्यांनी स्टोमा बंद करतात. निवडक रुग्णांत तो दोन आठवड्यांच्या आतही सुरक्षितपणे बंद करता येतो, असे काही चाचण्यांत दिसून आले आहे. प्रत्यक्षात मात्र केमोथेरपी, सांध्याची गळती, रुग्णाची प्रकृती आणि रुग्णालयातील प्रतीक्षायादी यांमुळे हा काळ अनेकदा सहा महिने किंवा त्याहून अधिक लांबतो; काही रुग्णांचा 'तात्पुरता' स्टोमा कायमचाच राहतो.

## पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गुदाशयाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया म्हणजे बहुतेक वेळा कायमचा स्टोमा असेच समीकरण होते. ब्रिटिश शल्यचिकित्सक अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ मध्ये पोट व गुदद्वार या दोन्ही मार्गांनी गुदाशय समूळ काढण्याची पद्धत वर्णन केली. या पद्धतीत गुदद्वारही काढले जात असल्याने आतडे पुन्हा जोडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे क्लॉड डिक्सन यांनी १९४८ मध्ये गुदाशयाचा वरचा भाग काढून उरलेली टोके जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि गुदद्वार वाचविणारी शस्त्रक्रिया हळूहळू रूढ झाली.

१९७० च्या दशकात वर्तुळाकार स्टेपलर उपलब्ध झाल्यावर कटिपोकळीत खोलवर सांधा करणे शक्य झाले. १९८२ मध्ये इंग्लंडमधील बेसिंगस्टोक येथील बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतालचे मेदयुक्त आवरण अखंड काढण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. या पद्धतीमुळे कर्करोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. मात्र सांधा जितका गुदद्वाराच्या जवळ, तितका तो गळण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे गुदद्वार वाचविण्याचे प्रमाण वाढत गेले, तसतशी संरक्षक स्टोमाची गरजही वाढली.

## स्टोमाचे प्रकार

संरक्षक स्टोमा मुख्यतः दोन प्रकारचा असतो.

* इलिओस्टॉमी: लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील एक वेटोळे, सहसा उजव्या बाजूस, पोटाबाहेर काढले जाते. यातून बाहेर पडणारा मल पातळ असतो आणि त्यातील पाचक रसांमुळे त्वचेची जळजळ होऊ शकते. त्यामुळे मल थेट पिशवीत पडावा म्हणून स्टोमाचे तोंड त्वचेच्या पातळीपासून थोडे उंच ठेवतात. आतड्याची कड उलटी दुमडून शिवण्याचे हे तंत्र ब्रिटिश शल्यचिकित्सक ब्रायन ब्रूक यांनी १९५२ मध्ये मांडले.
* कोलोस्टॉमी: मोठ्या आतड्याच्या आडव्या भागाचे वेटोळे बाहेर काढले जाते. यातील मल तुलनेने घट्ट असतो व शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका कमी असतो; मात्र आतडे स्टोमातून बाहेर घसरण्याचे प्रमाण अधिक असते.

सध्या अनेक केंद्रांत इलिओस्टॉमीस प्राधान्य दिले जाते. या लेखातील पुढील विवेचन मुख्यतः तिच्याशी संबंधित आहे.

## स्टोमाची उपयुक्तता

स्टोमामुळे सांधा लवकर भरून येतो असे नाही. सांधा गळलाच, तर मल कटिपोकळीत पसरून होणारा जंतुसंसर्ग सौम्य राहावा आणि तातडीची दुसरी शस्त्रक्रिया टळावी, हा त्याचा मुख्य हेतू असतो. स्वीडनमध्ये २३४ रुग्णांवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत, सांधा गुदद्वारापासून ७ सेंटिमीटरच्या आत असलेल्या रुग्णांचे स्टोमासह आणि स्टोमाविना असे दोन गट करण्यात आले होते. लक्षणे निर्माण करणारी गळती स्टोमा असलेल्या गटात १०.३ टक्के, तर स्टोमा नसलेल्या गटात २८ टक्के रुग्णांमध्ये आढळली. तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण अनुक्रमे ८.६ आणि २५.४ टक्के होते. या चाचणीनंतर खालच्या पातळीवरील सांध्यासाठी संरक्षक स्टोमा करण्याच्या प्रघातास भक्कम आधार मिळाला.

## स्टोमा असेपर्यंतचे धोके

स्टोमा बंद करण्याची घाई आणि दिरंगाई यांतील तोल समजण्यासाठी स्टोमा असल्याने होणारे त्रास लक्षात घ्यावे लागतात.

मोठ्या आतड्याचे एक प्रमुख कार्य पाणी व क्षार शोषून घेणे हे असते. इलिओस्टॉमीमुळे मल तेथपर्यंत पोहोचतच नाही. स्थिरावलेल्या इलिओस्टॉमीतून दिवसाला साधारणतः ६०० ते ८०० मिलिलिटर द्रव बाहेर पडतो. हे प्रमाण १,५०० ते २,००० मिलिलिटरच्या वर गेल्यास शरीरातील पाणी, सोडियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने कमी होते, रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत इलिओस्टॉमीच्या रुग्णांना पुन्हा रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. वृद्ध, मूत्रविकार असलेले आणि रक्तदाबासाठी मूत्रल औषधे घेणारे रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. उष्ण हवामानात घामावाटे होणाऱ्या क्षारहानीची त्यात भर पडते.

अशा वेळी केवळ साधे पाणी अधिक पिणे उपयोगाचे ठरत नाही. किंबहुना त्यामुळे स्टोमातून होणारा स्राव व सोडियमची हानी वाढू शकते. त्याऐवजी दर लिटरमागे सुमारे ९० मिलिमोल सोडियम असलेले साखर-मिठाचे द्रावण, साध्या पाण्यावर मर्यादा आणि आतड्याची गती मंदावणारी लोपेरामाइडसारखी औषधे दिली जातात.

याखेरीज स्टोमाभोवतालची त्वचा सोलवटणे, स्टोमा आत ओढला जाणे, त्याच्या शेजारी हर्निया होणे आणि आतड्यात अडथळा येणे हे त्रासही संभवतात. पिशव्यांचा खर्च, गळतीची भीती, प्रवास, झोप, पोशाख आणि वैवाहिक जीवन यांवर होणारे परिणाम अनेक रुग्णांना शारीरिक त्रासाइतकेच जड जातात. वापरात नसलेल्या खालच्या आतड्याच्या अस्तराला सूज येणे आणि त्यातून चिकट स्राव किंवा रक्त जाणे, हाही दीर्घकाळ स्टोमा ठेवल्याचा परिणाम असतो.

## योग्य वेळेचा प्रश्न

### रूढ कालावधी

आठ ते बारा आठवडे थांबण्यामागे तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे, या काळात आतड्याचा सांधा भरून येतो आणि गळती असल्यास ती बहुधा लक्षात येते. दुसरे, पहिल्या शस्त्रक्रियेनंतर पोटात निर्माण होणारे चिकटे सुरुवातीच्या आठवड्यांत दाट आणि सहज रक्तस्राव होणारे असतात. साधारणतः दुसऱ्या आठवड्यानंतर त्यांतून वाट काढणे कठीण होते व पुढे काही आठवड्यांनी ते मऊ पडतात. तिसरे, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर खालावलेले पोषण व शक्ती भरून निघण्यास अवधी मिळतो.

चिकट्यांच्या या स्वरूपामुळे स्टोमा बंद करण्यास दोन सोयीस्कर काळ मिळतात: एक, चिकटे घट्ट होण्यापूर्वीचा, म्हणजे सुमारे पहिल्या दोन आठवड्यांतील, आणि दुसरा, ते मऊ पडल्यानंतरचा. मधल्या काळात शस्त्रक्रिया करणे शक्यतो टाळले जाते.

### लवकर बंद करणे

फ्रान्समध्ये १८६ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टोमा आठव्या दिवशी आणि साठाव्या दिवशी बंद करण्याची तुलना करण्यात आली. सांधा गळत नसल्याची क्ष-किरण तपासणीने खात्री झालेल्या रुग्णांचाच तीत समावेश होता. एकूण गुंतागुंतींचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे, म्हणजे अनुक्रमे ३१ व ३८ टक्के होते. मात्र गुंतागुंतींचे स्वरूप वेगळे होते. लवकर बंद केलेल्या गटात आतड्यातील अडथळा ३ टक्के रुग्णांत, तर उशिरा बंद केलेल्या गटात १६ टक्के रुग्णांत आढळला. याउलट जखमेचे त्रास लवकरच्या गटात १९ टक्के आणि उशिराच्या गटात ५ टक्के होते.

डेन्मार्क व स्वीडनमधील रुग्णालयांत झालेली 'ईझी' ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ८ ते १३ दिवसांत आणि १२ आठवड्यांनंतर स्टोमा बंद करणे यांची तुलना होती. ११२ रुग्णांच्या विश्लेषणात बारा महिन्यांतील गुंतागुंतींची सरासरी संख्या लवकरच्या गटात दर रुग्णामागे १.२, तर उशिराच्या गटात २.९ होती. लवकर स्टोमा बंद करणे खर्चाच्या दृष्टीनेही किफायतशीर ठरले. जीवनमानाच्या मोजणीत मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही.

हे निष्कर्ष सर्व रुग्णांना लागू होत नाहीत. मधुमेही, स्टेरॉइड घेणारे आणि पहिल्या शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंतीची चिन्हे असलेले रुग्ण ईझी चाचणीतून वगळण्यात आले होते. जे निर्विघ्नपणे बरे होत आहेत आणि ज्यांचा सांधा तपासणीत अखंड आढळला आहे, अशांपुरताच हा पर्याय मर्यादित आहे. शिवाय ठरलेल्या आठवड्यात तपासणी, शस्त्रक्रियागृह आणि खाट हे सर्व उपलब्ध असावे लागते. या कारणांमुळे लवकर स्टोमा बंद करण्याची पद्धत सार्वत्रिक झालेली नाही.

### केमोथेरपी आणि स्टोमा

शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपीची आवश्यकता असल्यास वेळेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. ही केमोथेरपी सामान्यतः शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवड्यांत सुरू करणे इष्ट मानले जाते. नेमका तोच काळ स्टोमा बंद करण्यास अनुकूल असतो. आधी स्टोमा बंद केला आणि त्यानंतर जंतुसंसर्ग किंवा गळती झाली, तर कर्करोगावरील औषधोपचार लांबतो. आधी केमोथेरपी दिली, तर स्टोमासह आणखी तीन ते सहा महिने काढावे लागतात. कॅपेसिटाबिन, फ्लुरोयुरॅसिल आणि ऑक्झालिप्लॅटिन या औषधांनी जुलाब होऊ शकतात; इलिओस्टॉमी असलेल्या रुग्णात त्यामुळे शरीरातील पाणी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते आणि औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा ते थांबवावे लागते.

या पेचातून तीन मार्ग काढले जातात:

* केमोथेरपी पूर्ण करून शेवटच्या मात्रेनंतर साधारण तीन ते चार आठवड्यांनी, रक्तपेशींची संख्या पूर्ववत झाल्यावर स्टोमा बंद करणे. ही सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे.
* केमोथेरपी सुरू करण्यापूर्वी, निवडक रुग्णांत, स्टोमा लवकर बंद करणे.
* इलिओस्टॉमीमुळे केमोथेरपी सहन होत नसल्यास ती मध्येच थांबवून स्टोमा बंद करणे व नंतर उर्वरित मात्रा देणे.

कर्करोग इतरत्र पसरलेल्या रुग्णास बेव्हासिझुमॅब दिले जात असेल, तर जखम भरण्यात अडथळा येऊ नये म्हणून हे औषध नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान २८ दिवस बंद ठेवावे लागते.

अलीकडच्या काळात स्थानिक पातळीवर वाढलेल्या कर्करोगात किरणोपचार आणि केमोथेरपी ही दोन्ही शस्त्रक्रियेपूर्वीच देण्याकडे कल वाढला आहे. 'रॅपिडो' चाचणीतील प्रायोगिक गटात कमी दिवसांच्या किरणोपचारानंतर केमोथेरपी देऊन मगच शस्त्रक्रिया करण्यात आली. अशा क्रमात शस्त्रक्रियेनंतर औषधोपचार शिल्लक राहत नसल्याने स्टोमा रूढ कालावधीत बंद करण्यातील मोठा अडसर दूर होतो.

### दिरंगाईची कारणे

स्टोमा बंद करण्यास होणारा विलंब नेहमीच वैद्यकीय कारणाने होत नाही. कर्करोग काढून टाकल्यानंतरची ही शस्त्रक्रिया जीव वाचविण्यासाठी केलेली नसल्यामुळे प्रतीक्षायादीत तिला खालचा क्रम मिळतो. दूरच्या गावाहून मोठ्या शहरातील कर्करोग रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांना प्रवास, राहण्याची सोय आणि बुडणारी मजुरी यांमुळेही पुढची तारीख गाठता येत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळीच दुसऱ्या शस्त्रक्रियेचा अंदाजे महिना ठरविणे आणि रुग्णास तो लेखी देणे हा विलंब कमी करण्याचा साधा उपाय आहे.

## बंद करण्यापूर्वीची तपासणी

स्टोमा बंद करण्यापूर्वी सांधा अखंड व पुरेसा रुंद असल्याची खात्री करतात. त्यासाठी पुढील तपासण्या केल्या जातात.

* बोटाने तपासणी: सांधा खालच्या पातळीवर असल्यास त्यातील फट किंवा आकुंचन बोटाला जाणवते. गुदद्वाराच्या स्नायूंची ताकदही याच वेळी अजमावली जाते.
* दुर्बीण तपासणी: सांध्याच्या कडा, अस्तराची स्थिती आणि कर्करोगाचा पुनरुद्भव पाहता येतो.
* क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन: पाण्यात विरघळणारे रंजकद्रव्य गुदद्वारावाटे सोडून गळती किंवा सांध्यालगतची पोकळी शोधली जाते.
* रक्त तपासणी: हिमोग्लोबिन, मूत्रपिंडांचे कार्य, सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम तपासून कमतरता भरून काढतात.

गळती आढळल्यास स्टोमा बंद करणे पुढे ढकलले जाते. लहान फट काही महिन्यांत आपोआप भरून येऊ शकते. सांध्यामागे पोकळी तयार झाली असल्यास तिच्यातील स्राव शोषून घेण्याचे उपचार करावे लागतात. सांधा आकुंचित झाला असल्यास तो आधी रुंदावून घेतात.

## शस्त्रक्रिया

बहुतेक वेळा स्टोमाभोवतीच छेद घेऊन आतडे मोकळे केले जाते, त्याची टोके टाके घालून किंवा स्टेपलरने जोडली जातात आणि आतडे पोटात परत ठेवले जाते. पोट पुन्हा उघडण्याची गरज सहसा भासत नाही. त्वचेची जखम बटव्याच्या नाडीप्रमाणे गोलाकार टाक्याने आवळून मध्ये लहान छिद्र ठेवल्यास जंतुसंसर्गाचे प्रमाण घटते.

ही शस्त्रक्रिया लहान समजली जात असली, तरी ती निर्धोक नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६,१०७ रुग्णांचा समावेश असलेल्या आढाव्यात गुंतागुंतींचे प्रमाण १७.३ टक्के आणि मृत्यूचे प्रमाण ०.४ टक्के आढळले. आतड्याची हालचाल काही दिवस मंदावणे, अडथळा, जखमेतील जंतुसंसर्ग आणि क्वचित नव्या सांध्याची गळती या प्रमुख गुंतागुंती होत. स्टोमाच्या जागी कालांतराने हर्नियाही होऊ शकतो. ब्रिटनच्या पुढाकाराने ७९० रुग्णांवर झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रॉक्स' चाचणीत, बंद करताना जैविक जाळी बसविल्यास दोन वर्षांनी तपासणीत आढळणाऱ्या हर्नियाचे प्रमाण २० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

## बंद केल्यानंतरचे जीवन

स्टोमा बंद झाला म्हणजे शौचाची सवय पूर्वीसारखी होते, ही अपेक्षा बहुतेकदा पूर्ण होत नाही. मल साठवून ठेवणारा गुदाशय काढला गेलेला असतो. त्यामुळे दिवसातून अनेकदा शौचास होणे, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा जावे लागणे, घाई होणे आणि वायू किंवा पातळ मल रोखता न येणे अशी लक्षणे दिसतात. या लक्षणसमूहास इंग्रजी आद्याक्षरांवरून 'लार्स' असे संबोधले जाते. त्याची तीव्रता मोजण्यासाठी डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ मध्ये पाच प्रश्नांची गुणपद्धती प्रसिद्ध केली. तीत ० ते ४२ गुण असतात. २१ ते २९ गुण सौम्य आणि ३० पासून पुढे तीव्र त्रास दर्शवितात.

सांधा गुदद्वाराच्या जवळ असणे, किरणोपचार आणि सांध्याची गळती यांमुळे हा त्रास वाढतो. स्टोमा जितका अधिक काळ राहतो, तितका नंतरचा त्रास अधिक असतो, असेही काही निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे. मात्र ज्यांना गुंतागुंती झाल्या, त्यांचाच स्टोमा उशिरा बंद होत असल्याने, यात विलंबाचा वाटा किती आणि मूळ कारणांचा किती, हे वेगळे काढणे कठीण असते.

पहिल्या वर्षात लक्षणे सामान्यतः हळूहळू कमी होतात. इसबगोल, लोपेरामाइड, आहारातील बदल, कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि गुदद्वारावाटे पाण्याने आतडे धुण्याची पद्धत यांचा उपयोग केला जातो. स्टोमा बंद करण्यापूर्वीच रुग्णास या लक्षणांची कल्पना देणे महत्त्वाचे मानले जाते.

## बंद न होणारे स्टोमा

नेदरलँड्समधील गुदाशय कर्करोगाच्या एका मोठ्या चाचणीतील रुग्णांच्या पाठपुराव्यात, पहिल्या शस्त्रक्रियेवेळी केलेल्या स्टोमांपैकी १९ टक्के कधीच बंद झाले नाहीत. अधिक वय आणि शस्त्रक्रियोत्तर गुंतागुंती ही त्यामागील कारणे होती. उपरोल्लेखित स्वीडिश चाचणीतील रुग्णांचा पुढे काही वर्षे पाठपुरावा केल्यावरही कायमचा स्टोमा राहिलेल्यांचे एकूण प्रमाण १९ टक्के आढळले. ज्यांचा सांधा गळला होता त्यांच्यात हे प्रमाण ५६ टक्के, तर इतरांत ११ टक्के होते. कर्करोगाचा प्रसार, गुदद्वाराच्या स्नायूंची दुर्बलता, अन्य आजार आणि काही वेळा रुग्णाची स्वतःची इच्छा हीदेखील स्टोमा बंद न होण्याची कारणे असतात. अतिवृद्ध किंवा मलनियंत्रण आधीच कमजोर असलेल्या व्यक्तीस सुस्थितीतील स्टोमा हा तीव्र 'लार्स'पेक्षा सुसह्य वाटू शकतो. त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेची संमती घेतानाच, स्टोमा तात्पुरता असण्याचा हेतू असला तरी सुमारे पाचांपैकी एका रुग्णात तो कायम राहू शकतो, ही माहिती देणे आवश्यक ठरते.

## स्टोमा शुश्रूषा

स्टोमा शुश्रूषेचा स्वतंत्र व्यवसाय म्हणून विकास १९५८ पासून अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये झाला. शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी स्वतः इलिओस्टॉमी असलेल्या नॉर्मा गिल यांच्या साहाय्याने तेथे हे काम सुरू केले. भारतात मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही रुग्णांना साहाय्य करणारी संस्थाही मुंबईतच आहे. दर तीन वर्षांनी ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जागतिक ऑस्टॉमी दिन पाळला जातो. पिशवी बदलणे, स्रावाचे मोजमाप ठेवणे आणि पाणी कमी झाल्याची चिन्हे ओळखणे यांचे शिक्षण रुग्ण व कुटुंबीयांस मिळाल्यास स्टोमा बंद होईपर्यंतचा काळ अधिक सुरक्षित होतो.